पितरपाखातला कॉम्प्युटर

“पितरपाखात नवी वस्तू ह्या घरात येणार नाई म्हंजे नाई!”

अंबाबाई चौकटीला दोन्ही हात लावून दारातच उभ्या राहिल्या. समोर पायरीवर त्यांचा थोरला मुलगा प्रफुल्ल. दोन्ही काखांत खोकी, गळ्यात पिशवी, आणि नागपूरपासून सौंसरपर्यंत बसमध्ये उभ्यानं आल्यामुळे अंगावरचा शर्ट भिजलेला. त्याच्या मागे त्याची मुलगी हिमानी, तिच्याही हातात खोकी. गल्लीतल्या दोनतीन दारांतून माना बाहेर आल्या होत्या. प्रफुल्ल काही घेऊन आला की गल्लीची फुकट करमणूक होते, हा जुना अनुभव होता.

“आई, ही वस्तू नोहे,” प्रफुल्ल म्हणाला.

“मंग काय होय?”

“सुटे भाग होय. जोडल्यावर वस्तू होते. आता मले सांग, कोणी ट्रॅक्टरचं चाक घरी आणलं तं ट्रॅक्टर आणला म्हणते का?”

अंबाबाई विचारात पडल्या. त्यांचा देवधर्म कडक होता, पण न्यायबुद्धीही तितकीच कडक. चाक म्हणजे ट्रॅक्टर नव्हे, हे त्यांना काही केल्या नाकारता येईना.

“जोडशीन कवा?”

“तू म्हणशीन तवा.”

“दसऱ्याले. तवरोक एकाले एक चिकटवायचं नाई. पितर पाहून राहिले वरून.”

“हाव,” प्रफुल्ल म्हणाला, आणि अंबाबाईंनी दारातला एक हात काढून घेतला. अशा रीतीनं कॉम्प्युटर त्या घरात आला, पण वस्तू न होता आला.

प्रफुल्ल सौंसरजवळच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होता. हंगामात कापसाच्या गाड्या यायच्या, तो वजन सांगायचा, गाड्या जायच्या. हे काम बरोबर झालं तर कोणाच्या लक्षात राहत नाही आणि चुकलं तर गावभर होतं. प्रफुल्लचं कधी चुकलं नव्हतं, म्हणून जिनिंगमध्ये त्याचं नावही फारसं कोणी घेत नसे. गल्लीत मात्र त्याचं नाव रोज निघायचं, आणि ते वेगळ्या कारणासाठी. त्यानं स्वतः बांधायला घेतलेला जिना गच्चीच्या अलीकडेच संपत होता. त्याची स्कूटर एका बाजूनं निळी होती आणि दुसऱ्या बाजूनं मूळ रंगाची. एकदा त्यानं हार्मोनियम आणला होता. त्यावर एका भजनाची पहिली ओळ तो फार सुंदर वाजवायचा, पण दुसऱ्या ओळीपर्यंत कधी गेला नाही. गल्लीत अर्धवट कामाला नावच पडलं होतं, ‘प्रफुल्लचं काम’. त्याची बायको सुचिता घरी शिवणकाम करायची. तिच्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायासुद्धा जाताना बजावायच्या, “दिवाळीच्या पह्यले दे वो, प्रफुल्लचं काम नको करू.” सुचिता हसायची, पण ते हसणं ओठांपुरतंच असायचं.

प्रफुल्ललाही ते लागायचं. पण लागलं म्हणून जिना काही वर सरकला नाही.

हे सगळं असं चाललं असताना समोरच्या घरातल्या कलाबाईंनी यंदा भाद्रपद लागताच एक दिवस ओट्यावर बसून सांगून टाकलं की त्यांनी घर विकलं. गुडघे चालेनात, एकटीनं राहणं होईना, भोपाळचा मुलगा रवींद्र किती दिवसांचा बोलावत होता. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून गाडी.

अंबाबाई आणि कलाबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. एक लोधीखेड्याची, दुसरी मोहगावची. प्रफुल्ल लहानपणी अर्धा जेवायचा घरी आणि अर्धा कलामावशीकडे. आणि या दोघींची खरी जोडी जमायची ती भुलाबाईत. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसवायची, कोजागिरीला ती उठवायची, आणि मधला महिना रोज संध्याकाळी पोरीबाळींनी आणि बायांनी तिच्यापुढे गाणी म्हणायची. मग बंद डब्यातली खिरापत वाजवून दाखवायची आणि डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. कलाबाई पहिली ओळ सोडायच्या, अंबाबाई दुसरी उचलायच्या. कितीतरी गाणी कलाबाईंची स्वतःचीच होती. ती कुठं लिहिलेली नव्हती आणि दुसऱ्या कोणाला धड येतही नव्हती. अलीकडे पोरींना शिकवण्या आणि बायांना मालिका आल्यामुळे महिन्याचे पाच दिवस झाले होते आणि पाचाचा एक. पण मावशी जाणार म्हटल्यावर यंदा गल्लीनं ठरवलं, महिनाभर करायचं, जुन्यासारखं.

हिमानी पहिल्या संध्याकाळपासून मोबाइलवर सगळं टिपत होती. तेव्हा कधीतरी भर ओट्यावर प्रफुल्ल बोलून गेला, “मावशी, तुह्या गाण्याचं पिक्चर बनवतो मी. कोजागिरीले साऱ्या गल्लीले दाखवीन.”

सगळ्या बाया खो खो हसल्या. सुचितानं मान खाली घातली. कलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“बनव बाबू,” त्या म्हणाल्या. “मले पाहून जायचं आहे.”

जिना अर्धा राहिला तर पुढच्या वर्षी बांधता येतो. हे राहिलं तर मावशी न पाहता जाणार होती, आणि आयुष्यभर तिनं जे खाऊ घातलं, गायलं, त्याच्या बदल्यात प्रफुल्लनं तिला आणखी एक अर्धवट काम दिलेलं असणार होतं.

मोबाइलवर पिक्चर जोडायचा प्रयत्न हिमानीनं केला. पाचसहा तुकडे जोडले की मोबाइल तापायचा, अडकायचा आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्या पानावर यायचा. सौंसरच्या दुकानात तयार कॉम्प्युटरची किंमत ऐकून बापलेक दोघंही थंड ताक पिऊन घरी परतले. मग हिमानीनं शोध लावला की भाग सुटे आणून घरी जोडले तर निम्म्यात काम होतं. तिनं रात्रंदिवस व्हिडिओ पाहून बापाला समजावलं: चित्रासाठीचं वेगळं महागडं कार्ड नको, ते ज्याच्या पोटातच असतं असा प्रोसेसर घ्यायचा. मेमरीत कंजुषी नाही करायची, ती एडिटिंगला लागते. डबा जुना चालतो. पडदा तर घरात आहेच.

“कोणता पडदा?” अंबाबाईंनी विचारलं होतं.

“टीव्ही, आजी.”

“माह्या शिरेलीच्या टायमाले हात लावायचा नाई.”

ही अट मान्य झाली, सुचितानं भाग आणायला होकार दिला, आणि तो कसा दिला हे तिचं तिलाच ठाऊक. नवऱ्याकडे न पाहता ती एवढंच म्हणाली, “ह्या खेपेले पुरं करा बरं.”

पितृपक्ष संपेपर्यंत खोकी देवघराशेजारच्या फळीवर बसून राहिली. प्रफुल्ल रोज ती उघडायचा, एकेक भाग वेष्टनासकट हातात घेऊन पाहायचा, आणि अंबाबाईंची चाहूल लागली की एकाला एक चिकटलेलं नाही हे दिसेल असं सगळं लांब लांब मांडून ठेवायचा. घट बसले. नवरात्र लागलं. इकडे भुलाबाईपुढे गाणी चालूच होती, हिमानीच्या मोबाइलची मेमरी कार्डं एकामागून एक भरत होती. गल्लीतली माणसं जाता-येता विचारायची, “काय प्रफुल्लभाऊ, पिक्चर कोठवर आलं?” तो म्हणायचा, “दसऱ्याले जोडून राहिलो.” त्यावर “कोणत्या दसऱ्याले?” असा प्रश्न हमखास यायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घर धुऊन निघालं. सुचितानं शिलाई मशीन पुसली, प्रफुल्लनं स्कूटर दोन्ही बाजूंनी धुतली, अंबाबाई मागच्या अंगणात तांब्या-पितळेचा ढीग घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी आपट्याचं सोनं लुटायच्या आधी घरातल्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा झाली. विळा, कात्री, मशीन, स्कूटर, आणि शेवटी उघडी खोकी, एका ओळीत. अंबाबाईंनी प्रत्येक खोक्याला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, “जोड आता. देवाचं नाव घेऊन.”

प्रफुल्लनं जोडायला घेतलं. हिमानी मैत्रिणींकडे सोनं द्यायला गेली होती, म्हणून तो एकटाच होता. मोबाइलवर व्हिडिओ लावून, एक पाऊल पाहायचं, थांबवायचं, एक पाऊल करायचं. प्रोसेसर बसवताना त्यानं श्वास रोखून धरला. मग त्यावर बसवायचा पंखा खोक्यातून काढला. त्याचं तांब्याचं बूड असं लखलखत होतं की त्यात त्याला आपलं नाक दिसलं. कंपनीचा माल म्हणजे माल, असं मनाशी म्हणून त्यानं तो दाबून बसवला आणि चार स्क्रू आवळले. संध्याकाळी वायर लावून बटण दाबलं. टीव्हीवर अक्षरं उमटली. प्रफुल्ल खुर्चीवरून उठला आणि काय करावं ते न सुचून अंबाबाईंच्या पाया पडला.

पुढचे दोन दिवस त्या घरात नुसता आनंद होता. हिमानी तुकडे निवडायची, प्रफुल्ल शेजारी बसायचा, आणि सुचिता मशीन सोडून मधे मधे येऊन उभी राहायची. तिला आधी त्यात रस नव्हता. मग एकदा ती म्हणाली, “हे इथून काप. कलामावशी श्वास घेते तेथून. मधून कापशीन तं शिवण दिसते.” हिमानीनं तिथून कापलं आणि खरंच शिवण दिसली नाही. त्यानंतर सुचिता उभी न राहता खुर्ची घेऊनच बसायला लागली. गिऱ्हाइकांचे ब्लाउज मागे पडले आणि या वेळी ते तिच्यामुळे पडले, याचं प्रफुल्लला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पिक्चर जोडून झालं. आता फक्त एक्स्पोर्ट उरलं होतं, म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून एक सलग फिल्म कॉम्प्युटरनं स्वतः बनवायची. हिमानीनं बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली. पंखा जोरात घुमायला लागला. पट्टी थोडी पुढे गेली, आणि कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद पडला.

पुन्हा लावला, पुन्हा बंद. रात्र झाली, सकाळ झाली, तेच. नुसतं कापाकापी करा, चालतो. सलग काम सांगा, मान टाकतो. हिमानीच्या तोंडचं पाणी पळालं. प्रफुल्लनं नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, तापून बंद पडत असेल, पंख्याखालची पेस्ट नीट आहे का? प्रफुल्लनं खोकं वाचून सांगितलं, पंख्याला कंपनीतूनच लागून आली आहे, तसं छापलंय. दुकानदार म्हणाला, मग इथं घेऊन या. पण नागपूरला जाऊन, दाखवून, परत आणण्याइतके दिवस कोजागिरीला उरले नव्हते.

मग गल्लीनं उपाय सुरू केले. कोणी म्हणालं, लाइट कमी-जास्त होते, दुसऱ्या खोलीतून वायर घ्या. कोणी टेबलफॅन आणून दिला. तो लावल्यावर पट्टी थोडी जास्त सरकली आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या, मग पुन्हा फट्. सुचितानं बाहेर लिंबू-मिरची बांधली. अंबाबाई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या शेवटी न राहवून म्हणाल्या, “मी सांगून राहिली होती. पितरपाखातली वस्तू आहे ते.”

“आई, वस्तू दसऱ्याले झाली नं!”

“चाक तं पितरपाखातच आलं होतं.”

प्रफुल्ल ओट्यावर जाऊन बसला. समोरच्या घरासमोर कलाबाईंची बांधाबांध चालली होती. दोन ट्रंका बाहेर आल्या होत्या. कलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पिक्चरबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं, टोमणा मारला असता, तर परवडलं असतं. त्या न विचारण्यानंच प्रफुल्लचे डोळे भरून आले. आपल्या हातात काही पुरं होण्याची ताकदच देवानं घातली नाही, असं त्याला खरोखर वाटलं.

कोजागिरीचा दिवस उजाडला. दुपारी अंबाबाई मागच्या अंगणात संध्याकाळच्या पूजेचे तांबे घासायला बसल्या. सुचिता स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं काढत होती. प्रफुल्ल मागच्या दारात नुसताच बसला होता.

“सुचिता, चिंच आण वो थोडी,” अंबाबाईंनी हाक मारली.

“संपली नं आई. दसऱ्याले तं एवढा गोळा देला होता तुमाले.”

“हाव, पण अर्धी तं त्या पंख्यालेच लागली.”

“कोणत्या पंख्याले?”

“तो नाई का परफुल्लचा, खोक्यातला. एवढा नवा पंखा, अन् बुडाले ही काळी चिकटी! म्हटलं दसऱ्याची पूजा, असा मळका देवापुढे कसा ठेवा? चिंच-मीठ लावलं अन् घास घास घासला. लय चिवट होतं बाप्पा. पण मंग असा निघाला, नुसता कलश!”

सुचिताच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आतून हिमानी धावत आली.

“आजी! ती पेस्ट होती!”

“काय होती?”

“लेप होता, आजी! प्रोसेसरची गरमी त्या लेपातून पंख्यात जाते. तो नसला तं प्रोसेसर तापते अन् बंद पडते! कंपनी लावून देते तो लेप!”

अंबाबाईंच्या हातातला तांब्या खाली गेला. त्यांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. त्यांचा चेहरा एवढासा झाला. “म्हंजे,” त्या हळूच म्हणाल्या, “पितर नोहे तं... मीच?”

प्रफुल्ल उठला. क्षणभर सुचिताला वाटलं, आता हा आईवर ओरडणार. पण प्रफुल्ल हसायला लागला. आधी नुसता खांदे हलवत, मग मोठ्यानं, मग भिंतीला धरून. दोन दिवस जो माणूस स्वतःला नालायक समजून बसला होता त्याला कळलं होतं, की आपण जोडलं ते बरोबर जोडलं होतं. एकेक स्क्रू बरोबर होता. तो आईपाशी जाऊन बसला, तिचे चिंचेचे हात हातात घेतले आणि म्हणाला, “आई, तू नं, लय घासलं वो. नाक दिसत होतं माह्यं त्यात.” मग अंबाबाईही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि सुचिता तर पातेलं घेऊन खालीच बसली.

पण लेप आणायचा कुठून? हिमानीनं डोकं चालवलं. मोठ्या ॲम्प्लिफायरला आतून असाच लेप लावतात, आणि ॲम्प्लिफायर म्हणजे गल्लीच्या तोंडचा साउंडवाला योगेश. योगेशला फोन लावला तर तो कोजागिरीच्या कार्यक्रमाला सामान घेऊन मोहगावला गेलेला. प्रफुल्लनं स्कूटरला किक मारली.

योगेश मांडवात खांबावर चढून वायर बांधत होता. प्रफुल्लनं खालूनच सगळी हकिकत सांगितली. चिंचेपर्यंत आल्यावर योगेशनं खांबाला मिठीच मारली, नाहीतर पडला असता. “अरे दादा,” तो वरून म्हणाला, “माह्या पेटीत पाह्य, पांढरी ट्यूब. पुरी घेऊन जा. अन् काकूले सांग, माह्या ॲम्पलीच्या जवळ येऊ नको म्हणा!”

परत येईस्तोवर ऊन उतरलं होतं. हिमानीनं सांगितलं तसं प्रफुल्लनं पंखा काढला, तांब्याचं बूड फडक्यानं पुसलं, प्रोसेसरवर वाटाण्याएवढा लेप घातला आणि पंखा पुन्हा दाबून बसवला. एक्स्पोर्टचं बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली. पहिल्यांदा जिथं बंद पडला होता ती जागा आली आणि गेली. टेबलफॅन लावल्यावर जिथं बंद पडला होता तीही गेली.

इकडे घरात दुसरी घाई होती. कोजागिरीला थोरल्या अपत्याची आश्विनी होते, आई त्याला ओवाळते. प्रफुल्ल पन्नाशीला आला तरी अंबाबाईंनी एक वर्ष ती चुकवली नव्हती. पाट मांडला होता, नवा शर्ट ठेवला होता, निरांजन लागलं होतं.

“ये बाबू पाटावर.”

“आई, पट्टी पुरी होऊ दे.”

“निरांजन विझून राहिलं.”

“मी उठलो अन् बंद पडला तं?”

शेवटी अंबाबाई तबक घेऊन त्याच्याकडे आल्या. खुर्चीत बसलेल्या मुलाच्या खांद्यावर सुचितानं नवा शर्ट नुसताच टाकला. अंबाबाईंनी त्याच्या कपाळाला टिळा लावला, ओवाळलं, आणि मग जराशा थांबून टीव्हीवरच्या त्या सरकणाऱ्या पट्टीलाही लांबूनच एकदा ओवाळलं. हात मात्र लावला नाही. तेवढ्यात पंख्याचा आवाज उतरला आणि पडद्यावर अक्षरं आली.

“झालं,” हिमानी म्हणाली.

“पुरं?”

“पुरं, बाबा.”

सुचितानं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कौतुकानं, अगदी उघड, तिनं त्याच्याकडे क्वचितच पाहिलं असेल. “शर्टात हात घाला आता,” ती म्हणाली. “सारी गल्ली येऊन राहिली.”

टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही ओट्यावर आले. गल्लीत सतरंज्या पडल्या. चंद्र वर आला होता, दुधाचं पातेलं शेगडीवर होतं, आणि पहिल्या रांगेत, खुर्चीवर, कलाबाई बसल्या होत्या. पिक्चर सुरू झालं तसं ज्यांनी ‘कोणत्या दसऱ्याले’ विचारलं होतं तेच सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवायला लागले. प्रत्येकाला आपलं माणूस दिसत होतं. कोणाची पोर खिरापत ओळखताना चुकत होती, कोणाची सासू नाचत होती. कलाबाई स्वतःला पाहत होत्या आणि पडद्यावरच्या कलाबाईंना रागावत होत्या.

“ह्या गाण्यात ताल सुटला माहा. प्रफुल्ल, हे काढता येते का?”

“येते नं मावशी. हिमानी आत्ता काढीन.”

कलाबाईंनी थोडा वेळ पाहिलं. “नको,” त्या म्हणाल्या. “राहू दे. मीच आहे ते बी.”

शेवटचं गाणं संपल्यावर त्यांनी प्रफुल्लला जवळ बोलावलं, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ह्याले म्हंतात प्रफुल्लचं काम.” गल्ली हसली. पण प्रफुल्लला आपल्या नावाची पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

सकाळी ऑटो दाराशी आला. पांढुर्ण्याच्या गाडीला वेळ होता, पण कलाबाईंना घाई झाली होती. ट्रंका चढल्या. हिमानीनं पिक्चर भरलेला पेन ड्राइव्ह दिला, तो त्यांनी पदराच्या गाठीत बांधला. सगळ्या बाया बाहेर होत्या. अंबाबाई तेवढ्या बाहेर आल्या नव्हत्या. त्या आत डबे लावत होत्या, आणि डबे लावून केव्हाच झाले होते.

कलाबाईंनी अंबाबाईंच्या बंद दाराकडे पाहिलं नाही. त्या ऑटोत बसल्या आणि प्रफुल्लला म्हणाल्या, “बाबू, ते शेवटचं गाणं लाव. मी जाऊन राहिली तं गल्ली चूप नको.”

प्रफुल्लनं कॉम्प्युटर लावला. स्पीकर ओट्याकडे वळवला. ते गाणं कलाबाईंनी स्वतः रचलेलं होतं. त्यांचाच आवाज मोकळा, खणखणीत, गल्लीभर झाला.

“भुलाबाई बसली संत्र्याच्या बनी,
साली सोलता सोलता डोळ्यांत पाणी...”

ऑटो सुरू झाला. दुसरी ओळ यायच्या आत, स्पीकरमधल्या अंबाबाईंच्या आधी, दारातल्या अंबाबाईंनी ती उचलली. त्या बाहेर येऊन उभ्या होत्या, हात पिठाचे, आवाज पहिल्यांदा कापला आणि मग लागला.

“पाणी नोहे वो बाई, सालीचा रस,
उद्या यीन वो बाई, आज मात्र हस.”

कलाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. ऑटोच्या बाजूनं त्यांचा एक हात बाहेर आला आणि दांडीवर बोटांनी ताल धरू लागला. ऑटो मारुतीच्या देवळापाशी वळेपर्यंत तो हात तसाच चालला होता. मग ऑटो दिसेनासा झाला, आणि अंबाबाई पुढचं कडवं म्हणत राहिल्या.